गटारी आणि थर्टी फर्स्टच्या पिकनिकमध्ये मंडळाने पडावं का?

समीर_बोरिवली: आमच्या मंडळाची पोरं गटारीला कर्जतला आणि थर्टी फर्स्टला गोराई-मनोरीला जातात. विशी-बाविशीतली. मागे एक जण पिऊन उताणा पडला होता आणि तसाच उलट्या करत होता. बाकीचे गाणी लावून नाचत होते. बंगल्याच्या माळीकाकांनी त्याला कुशीवर वळवलं म्हणून निभावलं. चौकात आपण ‘द दारूचा नव्हे, द दुधाचा’ म्हणत दूध वाटतो, ते वाटूच. पण दूध पिऊन तीच पोरं गोराईची बोट पकडतात. म्हणून सुचवतो: मंडळाचे दोन न पिणारे कार्यकर्ते सोबत जातील, बाइकच्या चाव्या त्यांच्याकडे राहतील आणि प्यायलेला कुणीही पाण्यात उतरणार नाही.

मंजिरी: साफ विरोध. आपल्या राज्यात बिअरला 21 आणि कडक दारूला 25 वर्षांची अट आहे. बाविशीच्या पोराच्या हातात व्हिस्की असताना तुम्ही चाव्या सांभाळणार? मग आईबाप म्हणणार, मंडळ आहे ना सोबत! त्यापेक्षा वय न बघता बाटली देणाऱ्या दुकानाची उत्पादन शुल्क खात्याकडे लेखी तक्रार करा. बायकांनी आडव्या बाटलीला मतं देऊन दुकानं बंद पाडलीत, आणि आपण सोय करून द्यायची?

समीर_बोरिवली: तक्रार करूच, पहिली सही माझी. पण एक दुकान बंद झालं तर पोरं स्टेशनपलीकडून आणतील. त्या रात्री त्यांच्याजवळ कोण असणार, एवढंच मी विचारतोय.

गिरगावकर: मला दोन्ही पटत नाही. पोरं मतदान करतात, कमावतात. आज चाव्या मागाल, उद्या कुठली मुलगी कुणाबरोबर गेली होती ते विचाराल. आमच्या वाडीत हे झालंय. पिणं राहिलं बाजूला, मुलींचं येणं बंद झालं.

सिस्टर_परळ: मी कॅज्युअल्टीत काम करते. दारू प्यायलेल्याला घेऊन येणारे मित्र आधी ‘फूड पॉयझनिंग’ म्हणतात. घरी कळेल, पोलीस येतील, ही भीती. त्यात वेळ जातो. लिंबूपाणी, कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, कशानेही दारू लवकर उतरत नाही. हलवूनही जागा होत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत असेल, तर कुशीवर वळवा, एकटं सोडू नका आणि 108 ला फोन करा. मंजिरीताई, तुमचा राग मला समजतो, पण धाक वाढला की पोरं आमच्याकडे आणखी उशिरा येतात. समीर, दोन कार्यकर्त्यांनाच नको, सगळ्या पोरांना हे शिकवा. मुलींनाही. मी येते शिकवायला.

गिरगावकर: शिकवायला माझी ना नाही. पाळत नको.

मंजिरी: सिस्टर, शिकवणं जरूर करा, माझ्या मुलालाही बसवेन. पण गणपतीच्या वर्गणीतला एक रुपयाही त्या पिकनिकला जाता कामा नये आणि मंडळाचा बॅनर तिथे दिसता कामा नये. हे लेखी द्या. तरीही चाव्यांच्या ठरावाला मी विरोधातच मत देणार.