शकुंतलेचं मॉडेल: आइस्क्रीमच्या काड्यांचं स्टेशन पापडासारखं वाकून रायलं, काय करू?

पऱ्हाटी_दारव्हा
नमस्कार मंडळी, मी दारव्ह्याकडचा, शेती करतो अन् तूर निघाल्यावर थोडा रिकामा असतो तर घरी जुन्या दाराच्या फळीवर आपल्या शकुंतलेचं (यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर छोट्या रुळाच्या गाडीचं) मॉडेल करून रायलो. स्केल १:८७, म्हणजे खऱ्याच्या ८७ व्या भागाएवढं. गाडीचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) अडीच फूट म्हणजे ७६२ मिमी, ८७ नं भागलं तर पावणेनऊ मिमीच्या आसपास येते, म्हणून ९ मिमीचा रूळ घेतला, तिथं अडचण नाई. अडचण इमारतीची. एक स्टेशन, एक माल ठेवायचं शेड अन् कापसाची जिनिंग करायची आहे, सगळं लाकडाचंच पाहिजे, प्लास्टिक मले आवडत नाई. आइस्क्रीमच्या काड्या पुठ्ठ्यावर फेविकॉलनं चिपकवल्या, वरून वॉटरकलर मारला, दोन दिवसात छप्पर पापडावानी वाकलं. अन् दिसतेही कायतरी विचित्र, माहा भाचा म्हणे मामा हे राक्षसाचं स्टेशन आहे का. बांबूच्या कामट्याचा फलाट केला होता, त्याच्याखाली आता पिवळा भुगा पडून रायला. कोणी केलं असन तर सांगा.

सुताराचा_पोर
भाऊ, तुमचं लाकूड खराब नाई, पाणी खराब आहे. फेविकॉलात पाणी, वॉटरकलरात पाणी, अन् सगळं एकाच बाजूनं. एक बाजू फुगते, मग वाळताना आखडते अन् पुठ्ठ्याले घेऊन वाकते. फेविकॉल बोटानं पातळ पसरवा, लावल्यावर काचेखाली दाबून वर वजन ठेवून रातभर सोडून द्या, अन् पुठ्ठ्याच्या मागच्या अंगालेही तसाच कागद चिपकवा म्हणजे दोन्ही बाजूनं ताण सारखा पडते. रंगाच्या आधी दोन्हीकडून स्पिरिट पॉलिशचा एक हात मारजा. आपल्याकडं मे महिन्यात लाकूड कडकडीत वाळते अन् जुलैत फुगते, त्यामुळं फळ्या एकमेकीले एकदम घट्ट भिडवू नका, केसभर फट राहू द्या, खऱ्या शेडालेही फटा असतातच.
आता खरी गंमत सांगतो. काड्या सोडा. गावातल्या सुताराकडं जा अन् सागवानावर रंधा मारताना निघते ना ती ढलपी, ती थैलीभर मागून आणा, फुकट देते. थोडी ओली करून दोन कागदात ठेवून कोमट इस्तरी फिरवा, सरळ होते. मग स्टीलच्या पट्टीनं नवीन ब्लेड वापरून दोन-दोन मिमीच्या पट्ट्या कापा. रेषा पट्टीच्या लांबीत आल्या पाहिजेत, आडव्या आल्या तर कडाकड तुटन.
बांबूले भुंगा लागला आहे. त्यातलं गोड पीठ त्याले आवडते. तो फलाट आता फेकाच, नाईतर भुंगा बाकी लाकडात जाईन. पुढच्या वेळी कामट्या पंधरा-वीस दिवस पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, मग टाकणखाराच्या (बोरॅक्सच्या) पाण्यात उकळून सावलीत वाळवा.

मोतीबाग_नागपूर
वरचं सगळं बरोबर, फक्त भाचा का हसला ते राहिलं. आइस्क्रीमची काडी साधारण १० मिमी रुंद, गुणिले ८७ करा, ८७ सेंटीमीटर रुंद फळी झाली, एवढं झाड कोण तोडलं होतं हो? माचिसची काडी दोन मिमी, म्हणजे सात इंचाची तुळई, ती खांबाला अन् छपराखालच्या कैचीला चालते, दाराच्या चौकटीला नाही. सात फुटाचं दार तुमच्या मॉडेलात साडेचोवीस मिमी यायला हवं, साडेपाच फुटाचा माणूस १९ मिमी. पुठ्ठ्याचा एक माणूस कापून खिशात ठेवा आणि प्रत्येक दारासमोर उभा करून बघा. खऱ्या स्टेशनावर गेलात तर दाराजवळ फूटपट्टी उभी धरून फोटो काढा, बाकीची मापं फोटोवरून निघतात. आमच्या मोतीबागच्या नॅरो गेज म्युझियममध्ये डबे जवळून पाहायला मिळतात, तेही ७६२ मिमीवालेच.
टिनाच्या छपरासाठी ॲल्युमिनियम फॉइल सहा मिमीच्या बोल्टच्या आट्यांवर दाबून घासा, मस्त पन्हाळ्या पडतात.
आणि कोणत्या सालचं करताय? १९९४ ला वाफेचं इंजिन गेलं अन् डिझेल आलं. त्याआधीचं असेल तर छपराच्या कडेला काजळी पाहिजे, नंतरचं असेल तर नको.

अकोलेकर
एवढा कुटाणा कायले, एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) लेझरनं कापून घ्या ना.

सुताराचा_पोर
घ्या की, पण त्याच्यात रेषाच नसतात राजा, जुनं लाकूड म्हणून कितीही रंग मारा तो पुठ्ठाच दिसते.

पऱ्हाटी_दारव्हा
वाफेच्या टायमाचंच करतो, आमचे आजोबा त्याच्यातूनच कापूस पाठवत. काल सुताराकडून ढलप्या आणल्या, पहिल्या चार इस्तरीनं जाळल्या, इस्तरी लय गरम होती. पाचवी जमली. जुना राखाडी रंग कसा आणू?

सुताराचा_पोर
गंजके खिळे व्हिनेगरमध्ये आठ दिवस बुडवा, झाकण सैल ठेवजा. स्टीलची घासणी टाकू नका, ती गंजत नाई. ते पाणी ब्रशनं लावा, घंटाभरात लाकूड राखाडी होते. माचिसच्या काडीले आधी कडक काळा चहा पाजा, मग लावा, नाईतर रंग धरत नाई. अन् हे चिपकवायच्या आधी करा, फेविकॉल सांडला तिथं पांढरा डाग राहते.