जॅक रसेल टेरिअर कोकणातल्या कलमबागेत पाळावा का?

प्रश्न (देवगड)

नमस्कार. आमचे घर आंब्याच्या कलमांमध्ये असून बागेला चिऱ्यांचा जुना गडगा (दगडी कुंपण) आहे. उंदीर-घुशींचा उपद्रव बराच आहे. पुण्यातला भाचा परदेशी जाणार असल्याने त्याचा दोन वर्षांचा जॅक रसेल टेरिअर आमच्याकडे ठेवण्याचे घाटत आहे. आजवर आम्ही गावठी कुत्रेच पाळले. या जातीचा स्वभाव कसा असतो आणि इथल्या दमट हवेत त्याची निगा कशी राखावी, हे जाणकारांनी सांगावे. घरात कोंबड्याही आहेत.

उत्तर (मालवण)

या कुत्र्याचा स्वभाव कळण्यासाठी त्याचा इतिहास आधी पाहावा लागेल. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील पाद्री जॉन रसेल (१७९५–१८८३) यांनी १८१९ मध्ये, ऑक्सफर्डला शिकत असताना, एका दूधवाल्याकडून ‘ट्रम्प’ नावाची पांढरी कुत्री विकत घेतली आणि तिच्यापासून कोल्ह्याच्या शिकारीसाठी ही जात घडवली. अंग पांढरे, म्हणजे धांदलीत शिकारी कुत्र्यांनी त्यालाच कोल्हा समजू नये. छाती इतकी अरुंद, की पुढच्या पायांमागे दोन्ही हातांच्या पकडीत मावावी आणि कुत्रा बिळात शिरू शकावा. त्याचे काम कोल्ह्याला मारण्याचे नव्हते. बिळात जाऊन भुंकत राहायचे आणि त्याला बाहेर पडायला लावायचे.

दोनशे वर्षांनंतरही ही खोड गेलेली नाही. गडग्याच्या फटीतून वास आला की तो एक पाय उचलून, शेपूट ताठ करून थबकतो आणि पुढच्याच क्षणी माती अशी उडवू लागतो की मागचे दोन पायच दिसतात. त्या वेळी हाका ऐकू येत असूनही तो येत नाही. उंची जेमतेम २५ ते ३० सेंटीमीटर असली तरी त्याला भरपूर पळणे आणि डोक्याला काम हवे असते. ते न मिळाल्यास दिवसभर भुंकणे आणि सामान कुरतडणे ठरलेले. माणसांवर मात्र त्याचा फार जीव असतो. कोंबड्यांचा खुराडा जाळीने बंद ठेवावा आणि जाळी जमिनीत हातभर पुरावी. त्याला एकटे सोडून कोंबड्या मोकळ्या ठेवणे मला योग्य वाटत नाही.

उत्तर (रत्नागिरी)

वरील माहितीशी सहमत आहे; पण खरी चिंता गडग्याची आहे, आणि ती मी मोकळेपणाने मांडतो. कोल्ह्याच्या बिळासाठी घडवलेला कुत्रा इथल्या बिळात तोंड घालील, तेव्हा आत उंदीरच असेल असे नाही. देवगडच्या कातळावर फुरसे हा विषारी साप विपुल आहे आणि दगडांच्या फटी ही त्याची आवडती जागा. तो अंगाची वेटोळी घासून खरखर आवाज करतो. आपले कुत्रे त्या इशाऱ्याने मागे सरते, टेरिअर मात्र पुढे सरकण्याची शक्यता अधिक. त्यामुळे बागेत त्याला लांब दोरीवरच न्यावे. चावा झालाच, तर जखम कापू किंवा आवळून बांधू नये, कुत्र्याला चालू न देता उचलून नेऊन तातडीने पशुवैद्य गाठावा. प्रतिसर्पविष जवळपास कुठे मिळते, याची चौकशी त्याला आणण्यापूर्वीच करून ठेवावी.

दुसरे, उंदरांसाठी विष ठेवत असाल तर ते आजच बंद करा. विष खाल्लेला उंदीर या कुत्र्याने खाल्ला, तर रक्त न गोठण्याचा त्रास काही दिवसांनी दिसू लागतो आणि तोवर उशीर झालेला असतो. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस माणसालाही होतो, म्हणून कुत्र्याला त्याची लस दरवर्षी टोचून घ्यावी. गोचिडांसाठी रोज संध्याकाळी कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि काखेत हात फिरवावा. ताप, मलूलपणा किंवा फिकट हिरड्या दिसल्यास रक्त तपासून घ्यावे, कारण गोचिडतापाची सुरुवात बहुधा अशीच होते.

पावसाळ्यात आंघोळीपेक्षा अंग कोरडे ठेवण्याला महत्त्व द्यावे. उन्हाळ्यात फिरवणे पहाटे उरकावे. इथल्या दमट हवेत धापा टाकूनही त्याचे अंग लवकर निवत नाही.

उत्तर (दापोली)

एक राहिले. या जातीत डोळ्याचे भिंग जागेवरून सरकण्याचा आनुवंशिक विकार आढळतो. डोळा लाल झाला, पाणी येऊ लागले किंवा बुबुळावर धुरकटपणा दिसला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. भाच्याकडून लसीकरणाची वही आणि पूर्वीच्या तपासण्यांचे कागद मागून घ्या, आणि शक्य असल्यास त्यालाच आठवडाभर इथे राहून कुत्र्याला घराची ओळख करून देऊ द्या.