लॅपटॉपसमोर उभा असलेला माणूस 'लाइव्ह' म्हणजे नक्की काय वाजवत असतो?

पेठेतला_काका

मंडळी, आधीच सांगून टाकतो, मी सवाईवाला माणूस. रमणबागेत भारतीय बैठकीत सतरंजीवर बसून पाय बधिर करून घेतलेत, आता मुकुंदनगरला जातो आणि गपचूप खुर्चीचं तिकीट काढतो. तर परवा शनिवारी भाचीनं ओढून एका म्युझिक फेस्टिवलला नेलं. म्हणाली मामा एकदा ऐक तर, इलेक्ट्रॉनिक आहे पण जॅझ अंगाचं आहे, तुला आवडेल.

स्टेजवर चौघं. एक ड्रमवाला, एक सॅक्सोफोनवाली, एक बेस गिटार, आणि मधोमध एक पोरगा ज्याच्यापुढे लॅपटॉप आणि बटणांचे तीन-चार डबे. पहिली दहा-पंधरा मिनिटं मला खात्रीच होती की हा टेप लावून मान हलवतोय. मग त्या सॅक्सवालीनं एक छोटी जागा घेतली आणि थोड्या वेळानं तीच जागा त्या डब्यातून परत आली, पण तुकडे तुकडे होऊन, आणि ती हसली आणि त्या तुकड्यांवर तिनं दुसरं काहीतरी वाजवलं आणि खरं सांगतो अंगावर काटा आला. पण लगेच पुढच्या गाण्यात ड्रमवाला हात वर करून थांबला तरी ठेका चालूच! म्हणजे मग तो इतका वेळ काय करत होता?

तर प्रश्न असा, यातलं लाइव्ह किती आणि आधी भरून आणलेलं किती? आणि माझ्यासारख्यानं हे ओळखायचं कसं? भाचीला विचारलं तर म्हणते मामा तू एंजॉय कर ना.

(शेजारच्या स्टेजचा धडधडाट आमच्या स्टेजवर येत होता तो वेगळाच ताप. सॅक्सच्या हळू तुकड्यात मागून कुणाचा तरी डिस्को. तिकिटाचा आकडा इथे लिहीत नाही, बायको वाचते.)

चीटकोड_औंध

काका मजा करा. निम्मे लोक प्ले दाबून दोन्ही हात वर करतात, त्यात शोधण्यासारखं काय आहे.

केबल_गुंडाळणारा

वरच्याचं मनावर घेऊ नका, पण पूर्ण खोटंही नाहीये ते. मी बँडमध्ये ड्रम्स वाजवतो आणि पोटासाठी साउंडची कामं करतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बघितलंय.

डीजे सेट म्हणजे तयार गाणी एकमेकांत मिसळणं, तीसुद्धा कला आहे पण तुम्ही जे बघितलं ते ते नाही. तुम्ही बघितलं त्याला लाइव्ह सेट म्हणतात आणि त्यात साधारण असं असतं की गाण्याचे छोटे छोटे तुकडे, चार मात्रांचा बेस, आठ मात्रांचा कॉर्ड, टाळ्यांचा एक पॅटर्न, हे सगळं घरून बनवून आणलेलं. लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर बहुतेकांचं एबलटन लाइव्ह, २००१ पासून आहे ते, नावातच लाइव्ह आहे बघा. त्यात पडद्यावर चौकटी असतात, चौकट दाबली की तो तुकडा सुरू होतो, पण लगेच नाही, पुढची सम आली की मग. म्हणजे पोरानं बटण अर्धी मात्रा आधी दाबलं तरी तुकडा बरोब्बर जागेवर पडतो. कोणता तुकडा कधी, किती वेळ, कुठला बंद, फिल्टर किती उघडायचा, एको किती सोडायचा, हे सगळं तो तिथे उभं राहून ठरवत असतो. तुकडे भरून आणलेत पण रचना भरून आणलेली नाही.

सॅक्सचं जे झालं ते शंभर टक्के तिथल्या तिथे. तिचा माइक त्याच्या मशीनमध्ये जातो, तो दोन मात्रा पकडतो, कापतो, उलटा करतो, परत सोडतो. ते आधी बनवताच येत नाही कारण ती काय वाजवणार हे तिलाच माहीत नसतं.

आणि ड्रमवाल्याची बाजू घेतो कारण तो माझा जातभाई. त्याच्या कानात इअरफोन होते का बघितलं का? त्यात टिक टिक टिक क्लिक वाजत असते. मशीनचा ठेका खाली चालू असतो आणि तो त्याच्यावर खरी कातडी चढवतो. तो थांबला की खालचा सांगाडा ऐकू येतो, तो मुद्दाम ऐकवलेला असतो. मिनिटाला १७४ ठोक्यांच्या टेम्पोला ड्रम अँड बेस (पळत्या ठेक्याचं इलेक्ट्रॉनिक संगीत) वाजवताना क्लिकपासून केसाएवढं सुटलं तरी सगळं फ्लॅम, म्हणजे एकाच्या जागी दोन ठोके, होऊन जातं, घोडा अडखळल्यासारखं. त्यामुळे तो इतका वेळ काय करत होता असं परत म्हणू नका प्लीज 😅

तबला_शिकतेय

केबलदादा एक शंका. काकांना लूपचा, म्हणजे तोच तुकडा फिरत राहण्याचा, त्रास होतोय असं दिसतंय, पण काका तुम्ही सोलो तबला ऐकलाय ना? लेहरा काय असतो मग? पेटीवाला किंवा सारंगीवाला एकच आवर्तन पाऊण तास वाजवतो, तेच, तेच, तेच. त्याला कुणी म्हणत नाही की हा टेप लावून बसलाय. तो फिरत राहतो म्हणूनच तर तबलजी कुठे कुठे जाऊन परत समेवर येतो हे आपल्याला कळतं. मला त्या मशीनचं काम लेहऱ्यासारखंच वाटतं. आणि घराघरात रियाजाला इलेक्ट्रॉनिक तानपुरा लागतो, माझ्या गुरुजींकडेपण आहे, तिथे नाही कुणाला शंका येत.

पेठेतला_काका

हे पटलं, निम्मं. पण लेहरेवाला माणूस असतो गं. तबलजी उसळला की तो मान वर करून बघतो, लय चढली की बरोबर चढतो. विलंबितापासून द्रुतापर्यंत सगळा प्रवास दोघांचा मिळून. त्या डब्याला कुठे कळतंय समोरचा पेटलाय ते? लय त्या दिवशी तासभर एका गाण्यात जी होती ती तशीच, सूतभर इकडे नाही का तिकडे नाही.

केबल_गुंडाळणारा

काका, नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवलंत. हाच सगळ्यात मोठा फरक. मशीन लय वाढवत नाही, म्हणजे वाढवता येते, एबलटनच्या २०२१ च्या आवृत्तीत तर ड्रमवाल्याचं ऐकून मशीननं त्याच्यामागे जायची सोयपण आली, पण हजारो लोकांसमोर तिच्यावर भरवसा ठेवायला जिगर लागते. म्हणून बहुतेक जण टेम्पो खिळ्यानं ठोकून ठेवतात आणि चढाव दुसऱ्या मार्गानं आणतात, ठेका दुप्पट करायचा, थर वाढवायचे, मग सगळं एकदम काढून घ्यायचं आणि पब्लिकला लटकत ठेवायचं आणि मग बेस परत सोडायचा. ते सोडणं म्हणजे त्यांची सम म्हणा.

काही लोक उलटंच करतात आणि मला ते जास्त आवडतात. योयो मेयर म्हणून स्विस ड्रमर आहे, नर्व्ह त्याचा बँड, तो मशीनवर बनलेलं जंगल (हा संगीताचाच प्रकार) आणि ड्रम अँड बेस हातानं वाजवतो. मँचेस्टरचे गोगो पेंग्विनपण ऐका, पियानो, डबल बेस, ड्रम्स, एवढंच, पण ऐकताना वाटतं कुणीतरी कॉम्प्युटरवर बनवलंय. तिथे लय माणसांच्या हातात असते.

जुनी_तबकडी_कोथरूड

उशिरा येतोय, आजच वाचलं.

"भरून आणलेलं" हा आक्षेप जॅझमध्ये पन्नास वर्षं जुना आहे हो. ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस, त्याची १९७० ची गाजलेली डबल रेकॉर्ड घ्या. वादक स्टुडिओत बसून तासन् तास मोकळं वाजवत होते, मग टीओ मॅसेरो या निर्मात्यानं टेप अक्षरशः कापून, चिकटवून, काही तुकडे पुन्हा पुन्हा लावून ती बनवली. म्हणजे लूपच. पुढे १९७३ मध्ये जॅझ पियानोवाल्या हर्बी हॅनकॉकनं सिंथेसायझर पुढे आणला आणि शुद्ध जॅझवाले तेव्हाही नाक मुरडत होते. आपल्याकडे पेटीवर किती वर्षं नाक मुरडलं, आकाशवाणीवर तर बंदीच होती तिच्यावर, आता पेटीशिवाय मैफल लावून दाखवा.

काकांना एक गंमत सांगतो. फ्लाइंग लोटस नावाचा लॉस एंजेलिसचा इलेक्ट्रॉनिक कलाकार आहे, आजच्या या जॅझ मिसळीतलं मोठं नाव. त्याच्या आजीची बहीण म्हणजे ॲलिस कोल्ट्रेन, जॅझ सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनची बायको, स्वतः थोर वादक. ती पुढे स्वामी तुरियासंगीतानंद झाली, कॅलिफोर्नियात आश्रम काढला आणि तिथे ऑर्गन आणि सिंथवर आपली भजनं रेकॉर्ड केली. ती ऐका, पेठेतल्या माणसाला अजिबात परकी वाटणार नाहीत.

आणि मुंबईचे चरणजितसिंग! सिनेमाच्या गाण्यांत गिटार वाजवणारा माणूस. १९८२ ला रोलँड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्यांची मशिनं घेऊन दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवून रेकॉर्ड काढली. कुणी विचारलं नाही. पाच वर्षांनी शिकागोच्या पोरांनी त्यातलंच एक मशीन, ३०३, पिळून ॲसिड हाऊस नावाचं नाचाचं संगीत काढलं आणि जग नाचलं. या माणसाला म्हातारपणी परदेशात स्टेज मिळाला, २०१५ ला गेले. मला याचा अजून राग येतो.

चीटकोड_औंध

ओके मी माघार घेतो, चरणजितसिंग आत्ता लावलं, भैरव आहे आणि डोकं फिरलंय.

हडपसरची_रिक्षा

काका ओळखायचं कसं याचं कुणी उत्तरच दिलं नाही. मी २०१० पासून जातोय, पुण्यात एनएच७ वीकेंडर हा म्युझिक फेस्टिवल सुरू झाला तेव्हापासून. माझा साधा हिशोब, चूक झाली का बघायची. खऱ्या लाइव्ह सेटमध्ये काहीतरी फसतंच, एखादा तुकडा चुकीचा सुटतो, पोरगा ड्रमवाल्याकडे बघून तोंड वाकडं करतो आणि दोघं त्यातून वाट काढतात. तासभर एकदाही कुणी कुणाकडे बघितलं नाही तर समजायचं टेप. दुसरं, स्टेजला चिकटू नका, तिथे फक्त बेस छातीत बसतो, मागे जिथे साउंडवाल्याचा टेबल असतो त्याच्या आसपास उभे राहा, तो त्याच्या कानाला नीट लागेल असं मिक्स करतो म्हणजे तुम्हालापण नीट ऐकू येईल. शेजारच्या स्टेजचा त्रासही तिथे कमी, अगदी जात नाही. आणि कानात घालायचे फोमचे बोळे मेडिकलमध्ये मिळतात, लाजू नका, वाजवणारेपण घालतात.

पेठेतला_काका

सगळ्यांचे आभार. काल रात्री भाचीनं मोबाइलवर काढलेला व्हिडिओ परत बघितला, यावेळी सॅक्सवालीचा नाही, त्या डबेवाल्याचा. तर एका ठिकाणी तो बटण दाबतो, काहीच होत नाही, तो परत दाबतो, आणि तेवढ्यात बेसवाला ते ओळखून तीच जागा दोन आवर्तनं लांबवतो. मी तिथे उभा असताना मला वाटलं होतं काय सुंदर विस्तार केलाय! चूक सावरत होते लेकाचे. आता तो डबेवाला मला आवडायला लागलाय.

लय मात्र चढायला पाहिजे होती, त्यावर मी ठाम.

भाची म्हणते पुढच्या वर्षीचं तिकीट आत्ताच काढू, स्वस्त पडतं. एक शेवटचं विचारतो, तिथे बसायला खुर्ची मिळते का?

हडपसरची_रिक्षा

बीन बॅग असतात मागच्या बाजूला. बसाल आरामात, उठायला भाची लागेल.