'मॉथ'ला पतंग म्हणायचं की पाकोळी?

लालरेघ: एका माहितीफलकासाठी 'मून मॉथ'चं 'चांद्रपतंग' केलं. तपासणाऱ्या बाईंनी खोडलं. म्हणे मुलांना संक्रांत आठवेल. किडा असा: दुधात कालवल्यासारखा फिका पोपटी रंग, पुढच्या पंखाची कड जांभळट-तपकिरी, प्रत्येक पंखावर डोळ्यासारखा ठिपका, मागे दोन लांब, जराशा पिळलेल्या शेपट्या. पंख पसरले की १०-१२ सेंमी. भारत, नेपाळ, श्रीलंका, पार चीनपर्यंत सापडतो. आमची साताऱ्याची आजी त्याला पाकोळी म्हणायची. तेच लिहू?

सदाशिव_पेठी: अजिबात नको. पाकोळी हा पक्षी आहे. आणि 'पतंग' मूळचा किड्याचाच, 'पत्' म्हणजे उडणे. गीतेच्या ११व्या अध्यायात ज्वाळेत झेपावतात ते पतंग काय मांजा लावलेले होते?

रानवाट: पक्षी काय? ब्लू मॉरमॉन २०१५ साली राज्याचं फुलपाखरू झालं, त्याचं मराठी नाव 'राणी पाकोळी'. तक्रार तिकडे करा. बाकी 'लूना' तेवढं लिहू नका, ती अमेरिकेतली जात. आपली सेलेनी. दोन्ही नावं चंद्राचीच, एक लॅटिन, एक ग्रीक.

जुना_डोंबिवलीकर: लूना म्हटलं की मला काकांची पेडल मारून सुरू होणारी गाडीच दिसते.

माडाखाली: गोव्यात फुलपाखराला पिसोळें म्हणतात. आमच्या घरी दिव्यावर येतं ते सगळं 'पाखरू'. पावसाळ्यात आमटीत एखादं पडलं की आई आधी दिवा मालवायची, मग ओरडायची.

सदाशिव_पेठी: 'पाखरू' म्हणजे पक्षी. सगळं एकाच पोत्यात भरायचं असेल तर शब्द हवेत कशाला?

ऐनाखाली: भंडाऱ्याहून लिहितोय. टसर रेशमाचा पतंग या मून मॉथच्याच कुळातला. ऐनाच्या झाडावर अळ्या सोडल्या की पाखरं हाकलायला राखण बसते (हो, पक्ष्यांनाही पाखरंच म्हणतो). आमचं सगळं लक्ष कोशावर, म्हणजे कोशावर नाही, कोशाला आम्ही कोसा म्हणतो. त्यातून काय उडालं याचं नाव आमच्या घरी कोणी विचारलं नाही.

सदाशिव_पेठी: शुद्ध शब्द 'कोश'.

ऐनाखाली: कोश ग्रंथालयात असतो काका. झाडावर कोसा.

रानवाट: मग 'कोसला'?

लालरेघ: मंडळी, मजकूर उद्या छापायला जातोय. पतंग की पाकोळी?

माडाखाली: थांबा हो. कोसल्यातला 'ल' आला कुठून?