रविवारी यल्दा, टेरेसवर फेसेंजान

डी-५०२: नमस्कार मंडळी. रविवारी २१ डिसेंबरला आमच्याकडे यल्दा. वर्षातली सगळ्यात मोठी रात्र म्हणून इराणात घरोघर जागतात. आजी-आजोबांकडे जमायचं, डाळिंब-कलिंगड-सुकामेवा खायचा आणि हाफिज या फारसी कवीच्या दीवानातलं (कवितासंग्रहातलं) पान उघडून ज्याचं त्याचं भविष्य बघायचं. यंदा फक्त घरात न करता टेरेसवर करू म्हणतोय. जेवायला फेसेंजान-भात. येणाऱ्यांनी फ्लॅट नंबर आणि माणसं लिहा. व्हेज वेगळं लिहा.

बी-३०१: आम्ही ४. फेसेंजान म्हणजे इराण्याच्या हॉटेलात मिळायचं ते का?

डी-५०२: नाही हो काका. तिथं चहा, बनमस्का, खिमा. आपल्याकडे हॉटेलं काढणारे इराणी बहुतेक यझ्द-केरमानकडचे. फेसेंजान मूळचं गिलान प्रांताचं, कॅस्पियन समुद्राच्या काठचं. आमची सासुरवाडी रश्त, म्हणजे ऐन गिलानमधलीच.

सी-२०४: म्हणजे धनसाकचा भाऊ?

डी-५०२: धनसाकात डाळी असतात, यात एकही डाळ नाही. आणि पारशांकडे शुभकार्याला धनसाक करत नाहीत, माणूस गेल्यावर चौथ्या दिवशी करतात. फेसेंजान लग्नाच्या पानात असतं.

सी-२०४: बरं झालं सांगितलंत. मी साखरपुड्याला धनसाक सुचवणार होतो 😄

बी-७०३: दादा, आहे तरी काय त्यात? नेटवर फोटो पाहिला. काळपट चॉकलेटी चिखल दिसतोय, राग मानू नका.

डी-५०२: ताई, राग कसला, फोटोत ते कधीच चांगलं दिसत नाही. अक्रोडाचं बारीक कूट, आटवलेला डाळिंबाचा रस आणि कोंबडी. मसाला म्हणाल तर कांदा, चिमूटभर हळद, थोडं केशर. काही जण दालचिनी घालतात, आमच्याकडे नाही. मिरची नाही, आलं-लसूण नाही. आपल्या माणसाला चवीचा अंदाज द्यायचा तर पंचामृत आठवा. तिथं तीळ-दाण्याचं कूट आणि चिंच-गूळ, इथं अक्रोड आणि डाळिंब.

ए-१०३ (आजी): पंचामृत म्हणालास म्हणून विचारते. अक्रोड किती घालतोस? थंडी असली तरी उष्ण पडेल बाबा.

डी-५०२: आजी, सासूबाईंचा पहिला प्रश्न हाच असतो! त्यांच्यातही उष्ण-थंड जबरदस्त पाळतात. अक्रोड उष्ण, डाळिंब थंड, म्हणून जोडी जमते. गिलानमध्ये जुन्या पद्धतीत बदकच घालायचे. अंझलीच्या पाणथळीत थंडीत पाणपक्षी उतरतात.

बी-३०१: मग बदक आणा की 😋

डी-५०२: काका, कोंबडीवर भागवा.

सी-६०१: प्रमाण टाका ना दादा. मला ख्रिसमसच्या सुट्टीत घरी करून बघायचंय.

डी-५०२: सहा माणसांना १ किलो कोंबडी (हाडासकट, तंगड्या उत्तम), अर्धा किलो अक्रोडगर, दोन मोठे कांदे, साधारण १ वाटी आटवलेला डाळिंबरस आणि लिटरभर पाणी.

अक्रोड आधी चाखून घ्या. खवट किंवा जुने असतील तर पुढचं सगळं कडू होणार. कोरडेच मंद आचेवर जरा गरम करा, लाल करू नका. मग अगदी बारीक दळा. रवाळ राहिलं की रस्सा चोथापाणी होतो. कांदा बारीक चिरून तेलात गुलाबी करा, त्यात कूट परतून पाणी घाला आणि उकळी आली की आच बारीक. इथून दोन-अडीच तास, कोंबडी न घालता.

बी-७०३: अडीच तास नुसतं कूट???

डी-५०२: हो ताई, सगळी मजा तिथंच आहे. अक्रोडातलं तेल सुटून वर यायला हवं. आधी रस्सा पांढरट, मग बदामी, मग हळूहळू गडद होत जातो. अधूनमधून बर्फाचे दोन-तीन खडे टाकायचे. सासूबाईंच्या मते गार झटक्याने तेल लवकर सुटतं. मध्येच पाणी आटलं तरी बर्फच. तळाला फार लागतं, म्हणून पातेल्याखाली जाड तवा ठेवा आणि दर दहा मिनिटांनी उलथनं तळापर्यंत फिरवा. वर तेलाचा तवंग आला की डाळिंबरस आणि मीठ, मग परतून ठेवलेली कोंबडी, आणि अजून तासभर. केशर शेवटी. कुकर नको. कोंबडी शिजेल, पण कूट खाली बसून करपेल.

सी-६०१: तो डाळिंबरस बाजारात मिळतो का?

डी-५०२: मिळतो, पण बाटलीमागचं वाचून घ्या. पुष्कळांत साखर पहिली आणि डाळिंब नंतर. लाल सरबताची बाटली तर मुळीच नको. इराणात पानगळीत डाळिंबं उतरली की घरी मोठ्या पातेल्यात रस आटवून वर्षाचा साठा करतात, साखर न घालता. लिटरभर रसाचा जेमतेम वाटीभर राहतो.

सी-६०१: मग विकत कशाला? सांगोल्याला भावाची डाळिंबाची बाग आहे, भगवा जातीची. १० किलो मागवू का?

डी-५०२: मागवाच! फक्त एक लक्षात घ्या, भगवा गोड. आटवला की आणखी गोड होतो. तिकडे रस आटवायला आंबट डाळिंबं घेतात. म्हणून आपल्या रसात आटवताना लिंबू पिळायचं, लिटरला तीन-चार. मी आमसुलाचं पाणी घालूनही पाहिलंय, आंबटपणा छान येतो, पण वास कोकणात नेतो. लिंबूच बरं. आणि दाणे मिक्सरला फार वेळ फिरवू नका, बिया फुटल्या की तुरट होतं.

ए-४०१: एक मिनिट. तेहरानला माझी कंपनीतली मैत्रीण होती, तिच्याकडे मी फेसेंजान खाल्लंय. चांगलं गोड होतं. आंबट काय म्हणताय?

डी-५०२: आता पेटलं 😅 वहिनी, तेहरानकडे, इस्फहानकडे साखर घालतात. गिलानमध्ये आंबट. हिची बहीण लग्न होऊन तेहरानला गेली आणि चमचाभर साखर घालायला लागली, तर सासूबाई तिच्याकडचं फेसेंजान ‘मुरंबा’ म्हणून बाजूला सारतात.

ए-४०१: आम्हाला मुरंबा चालेल!

बी-७०३: मलाही गोड.

बी-३०१: मला आंबट. रश्तच्या माणसांचं ऐकावं. ते शहर युनेस्कोच्या खाद्यशहरांच्या यादीत आहे, २०१५ पासून. आत्ताच शोधलं.

डी-५०२: काका 🙏 यल्दासुद्धा २०२२ मध्ये त्यांच्या वारशाच्या यादीत गेली, इराण आणि अफगाणिस्तान दोघांच्या नावावर. माझं मत विचाराल तर साखर घालायचीच झाली तर इतकी घाला की आहे हे कळू नये. कळली की अक्रोड मेला.

ए-२०२: आम्ही ३, शुद्ध व्हेज, त्यातले २ कांदाही खात नाहीत. आमचं काय? पनीर घालणार का?

डी-५०२: पनीर नको ताई, त्या रश्श्यात ते रबरासारखं लागतं. लाल भोपळा घालू. तो इराणातही घालतात. मोठ्या फोडी आधी तेलावर परतून शेवटच्या वीस मिनिटांत सोडायच्या. वांगंही जमतं. बिनकांद्याचं छोटं पातेलं वेगळं लावतो, कूट इतकं असतं की कांदा नसला तरी दाटपणा येतो. डाव आणि उलथनीही वेगळी राहतील.

ए-२०२: धन्यवाद दादा. भोपळा मी चिरून देते.

बी-१०४: अक्रोडाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी लांब राहायचं ना? आमच्या धाकट्याला आहे.

डी-५०२: हो, अगदी लांब. त्याच्यासाठी वरणभात माझ्या घरी खाली, टेरेसच्या भांड्यांपासून दूर करतो. तुम्ही स्वतः वाढा त्याला.

सेक्रेटरी: गणपतीचे दोन मोठे अ‍ॅल्युमिनियमचे टोप क्लब हाउसमध्ये आहेत. घेऊन जा.

डी-५०२: आभारी आहे, पण डाळिंब-लिंबाला अ‍ॅल्युमिनियम चालणार नाही. भाताला घेतो. रश्श्यासाठी कुणाकडे जाड बुडाचं मोठं स्टीलचं पातेलं आहे का?

सी-२०४: माझ्याकडे लोखंडी कढई आहे, मोठी.

डी-५०२: तासन्‌तास आंबट शिजवलं तर लोखंडाची चव उतरेल. पण गंमत ऐका, गिलानमध्ये रस्सा काळा व्हावा म्हणून जुन्या बायका तापलेला लोखंडाचा तुकडा, चक्क घोड्याचा नाल, त्यात बुडवायच्या.

सी-२०४: बरोबरच आहे. अक्रोड आणि डाळिंब दोन्हींत टॅनिन भरपूर, लोहाशी गाठ पडली की काळं होणारच. शाई अशीच करायचे पूर्वी.

बी-७०३: चिखल झाला, आता शाई. मी तरी येणारच आहे, लिहा आमचे ३.

ए-१०३ (आजी): भात कसला? इंद्रायणी आहे माझ्याकडे.

डी-५०२: आजी, इंद्रायणी चिकट होतो, याला मोकळा लागतो. बासमतीच घेतोय. इराणी लोकही आपल्याकडचा बासमती ढिगाने घेतात. अर्धा कच्चा उकडून, निथळून, तळाला तेल-केशर घालून दम देणार. तळाची खरपूड सोनेरी निघाली पाहिजे. तिच्यावरून भांडणं होतात, तेव्हा मुलांना आधी वाढू.

ए-१०३ (आजी): खरपूड माझ्यासाठी ठेव. दात अजून आहेत.

डी-५०२: शब्द दिला. हिशेब सांगतो: ३४ माणसं, त्यात ९ व्हेज. साधारण पावणेतीन किलो अक्रोड लागतील. भाव माहीत आहेतच, तिकडेही हे रोज परवडत नाही. वर्गणी नको, पण दोन-दोन मूठ अक्रोड आणलेत तर आनंद. शनिवारी सकाळी गच्चीच्या खोलीत दळू. पदार्थ शनिवारी रात्रीच शिजवून ठेवणार, दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो.

बी-३०१: आंबट की गोड, ते ठरलंच नाही. पोल टाका.

सेक्रेटरी: पोल टाकला होता. आंबट १३, गोड १२.

डी-५०२: ही म्हणते दोन पातेली लावू. आंबटाला लाल दोरा बांधते. गोड पातेल्याचा फोटो रश्तला जाणार नाही, एवढी काळजी सगळ्यांनी घ्या.

ए-४०१: 😂 मान्य.

सेक्रेटरी: टेरेसची किल्ली शनिवारी सकाळी माझ्याकडून न्या. सिलिंडर एकच, तोही टाकीपासून लांब. स्पीकर दहाला बंद, हाफिज वाचायला स्पीकर लागत नाही. आणि पातेली लिफ्टने नेताना खाली रद्दी घाला, डाळिंबाचा डाग फरशीवरून निघत नाही.