दोन खासदारांचा भंडारा
कुणीतरी लिहिलंय की विदर्भातून दिल्लीला नेहमी काँग्रेसचाच माणूस गेला. नागपूरपुरतं तरी हे चूक आहे. 1962 मध्ये इथून लोकनायक अणे अपक्ष निवडून आले, तेही वेगळ्या विदर्भाची बाजू लावून धरत; 1971 मध्ये फॉरवर्ड ब्लॉकचे जांबुवंतराव धोटे.

पण मला सांगायचंय ते भंडाऱ्याबद्दल. नागपूर जुन्या मध्य प्रदेशची राजधानी असताना भंडारा द्विसदस्यीय मतदारसंघ होता, एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येकाला दोन मतं, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. आमचे आजोबा धानपट्ट्यातले. उमेदवारागणिक वेगळ्या मतपेटीत चिठ्ठी टाकल्याचं ते सांगत. 1954 च्या पोटनिवडणुकीत याच भंडाऱ्यात बाबासाहेब राखीव जागेवर हरले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले, आणि सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता. म्हणजे एकाच मतदारसंघातून दोन पक्षांचे खासदार! ही पद्धत 1961 च्या कायद्याने गेली. बाबासाहेबांचा तो पराभव आठवून आजोबा शेवटपर्यंत हळहळत, आणि खरं सांगतो, मलाही तो अजून सलतो.