टिपिंग बकेट १६८, वही २०३ : साईटवर कोणता आकडा ठेवू?

खळ्यातून (केळशीजवळ, ता. दापोली)

नमस्कार. माझे मामंजी कृषी खात्यात होते. निवृत्तीनंतर त्यांनी खळ्यात पर्जन्यमापक बसवला आणि रोज सकाळी ८.३० ला पाणी मोजून वहीत लिहायला लागले. मृगाच्या आधी नवी वही शिवायची, पहिल्या पानावर हळद-कुंकू लावायचं, असा त्यांचा नेम. आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत, म्हणून गेले तीन पावसाळे मी मोजते आणि ते ओटीवरून विचारतात, "किती गो?"

मुलाने दोन वर्षांपूर्वी स्लॅबवर पाण्याच्या टाकीशेजारी स्वयंचलित केंद्र बसवलं. तापमान, आर्द्रता, दाब, वारा आणि टिपिंग बकेटचा (भरली की कलणाऱ्या छोट्या वाट्यांचा) पर्जन्यमापक. दर ५ मिनिटांनी नोंद होते आणि आमच्या लहानशा साईटवर दिसते. मुलगा पुण्याला असतो, त्यामुळे साईट आता मीच सांभाळते. वाडीतली माणसं रोज बघतात. घर बंद करून मुंबईला राहणारे तर पाऊस जरा जास्त झाला की आधी आमचा आकडा बघतात आणि मग शेजारी फोन करतात.

अडचण अशी. जुलैत एका दिवशी साईटने १६८ मिमी दाखवले, वहीत २०३. रिमझिम पावसाच्या दिवशी दोन्ही जवळजवळ सारखे असतात, पण कोसळायला लागला की साईट मागे पडते. मुलगा म्हणतो, ११५.६ ते २०४.४ हा सगळा हवामान खात्याचा एकच वर्ग, दोन्ही आकडे त्यातच बसतात. माझं मन मानत नाही. मामंजींनी एक मिलिमीटरसुद्धा कधी अंदाजाने लिहिला नाही. सगळ्या जुन्या नोंदींना एका गुणकाने गुणून साईट वहीशी जुळवून घ्यावी का? कसं करावं, कृपया सांगा.

पागोळी (श्रीवर्धन)

ताई, गुणायची घाई नको. साईटचा दिवस किती वाजता बदलतो? बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तो मध्यरात्री १२ ला बदलतो. तुमची वही सकाळी ८.३० ते दुसऱ्या सकाळी ८.३० अशी आहे आणि हवामान खात्याचा पावसाचा दिवसही तोच. पहाटे तीन ते सहा कोसळला तर तो पाऊस साईटवर एका तारखेत जातो, वहीत दुसऱ्या. ५ मिनिटांच्या नोंदी काढून ८.३० ते ८.३० बेरीज करा आणि मग तुलना करा. हरणैच्या वेधशाळेचा आकडा पेपरात वाचून "आमच्याकडे एवढा कसा नाही" म्हणून मीही एक अख्खा पावसाळा डोकं खाजवत होतो. कारण हेच निघालं.

दुसरं, राग मानू नका, पण वहीचा आकडाच जास्त येत नसेल कशावरून? खळ्यातल्या मापकात झावळीवरचं पाणी ठिबकतं का? आजूबाजूला चिरे किंवा सिमेंट आहे का? थेंब आपटून उडतात आणि मापकात जातात. काठ जमिनीपासून ३० सेंमी उंच आणि भोवती गवत असलेलं बरं.

खळ्यातून

राग कसला, हे विचारायलाच हवं होतं. झावळ्यांचं म्हणाल तर माडावर चढणारा मे अखेरीस येतो, तेव्हा त्या बाजूच्या उतरवून घेते. मामंजींचा तो नियमच आहे. भोवती गवत आहे, पण एका बाजूला चिऱ्यांची पायवाट आहे, दीड हातावर. काठ मोजला, ३० सेंमी भरला.

आणि बेरीज केली. ८.३० ते ८.३० धरून साईटचे १७४ आले. म्हणजे ६ मिमी नुसत्या घड्याळाचे. उरले २९.

खाजणकाठ (वेंगुर्ला)

उरलेल्या २९ ची दोन कारणं दिसतात.

पहिलं, बकेट स्वतः. पावसाचं पाणी एका वाटीत भरतं, ठरावीक भरलं की ती कलते आणि दुसरी पुढे येते. कलण्याच्या त्या क्षणात वरची धार सुरूच असते. रिमझिमीत तेवढ्या वेळात काहीच पडत नाही. आपल्याकडे धो धो कोसळतो तेव्हा दर कलण्याला थोडं पाणी मोजल्याशिवाय निसटतं. म्हणून एकच गुणक चालणार नाही, त्याने रिमझिमीचे दिवस उगाच फुगतील.

घरी तपासता येतं. नरसाळ्याचं तोंड मोजा. १६ सेंमी व्यास असेल तर क्षेत्रफळ साधारण २०१ चौ. सेंमी. त्यात १ लिटर पाणी म्हणजे ४९.७ मिमी पाऊस आणि ०.२ मिमीची बकेट असेल तर २४९ वेळा कलायला हवी. सलाईनची नळी लावून तेच १ लिटर आधी तासाभरात सोडा, मग वीस मिनिटांत. दोन्ही वेळचे ठोके लिहून ठेवा. त्या वेळी साईटकडे जाणारी नोंद मात्र बंद करा, नाहीतर कोरड्या दिवशी १०० मिमी पाऊस दिसेल!

दुसरं, जागा. स्लॅबवर वारा कठड्यावर आपटून वर चढतो आणि थेंबांना मापकावरून पुढे नेतो. त्यात शेजारी टाकी. अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर सोडावं म्हणतात. माडांच्या वाडीत ते जमत नाही, मला माहीत आहे, माझ्याकडेही जमत नाही. त्यातल्या त्यात मोकळी जागा शोधा आणि ती कशी आहे ते साईटवर लिहा.

हापूसवाला (देवगड)

मी बागायतदार आहे, माझं म्हणणं थोडं वेगळं. मूळ नोंदीला हात लावू नका. आज एका कारणाने गुणाल, उद्या मुलगा दुसऱ्या कारणाने भागेल, पाच वर्षांनी खरा आकडा कुठला होता ते कोणालाच सांगता येणार नाही. दोन वेगळे रकाने करा. दिवसाचा एकूण पाऊस वहीचा. किती वाजता, किती जोराने पडला ते बकेटकडून घ्या, ते वही कधीच सांगू शकत नाही.

आणि साईटवर ठळक लिहा की ही खाजगी नोंद आहे. अतिवृष्टीची नोंद महसूल मंडळाच्या मापकावरून धरतात, २४ तासांत ६५ मिमीच्या वर. आंब्याचा हवामानावर आधारित विमाही नेमलेल्या केंद्राच्या आकड्यांवरच ठरतो. मंडळाचं केंद्र डोंगरापलीकडे आणि पाऊस आपल्या बागेत, हे दुःख मला चांगलं माहीत आहे. म्हणून लोक तुमच्याकडे छापील आकडे मागायला येतील. द्या, पण ते कशाला चालतील नि कशाला नाहीत ते त्याच कागदावर लिहून द्या.

वह्यांच्या प्रत्येक पानाचे फोटो काढून ठेवा. आपल्या हवेत कसर लागायला वेळ लागत नाही.

खळ्यातून

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी उघडीप होती, तेव्हा सलाईनची नळी आणून प्रयोग केला. माझं नरसाळं १६ सेंमीचंच निघालं. तासाभरात सोडलं तेव्हा २४७ ठोके, वीस मिनिटांत सोडलं तेव्हा २२५. मामंजी शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि ठोके मोठ्याने मोजत होते. दुसऱ्या वेळी मध्येच थांबून म्हणाले, "बघ, पाणी पळतंय." त्यांना नुसत्या आवाजावरून कळलं.

बकेट स्लॅबवरून खाली आणायची ठरली आहे, पण वायर पुरत नाही. गणपतीला मुलगा येईल तेव्हा करू. चिऱ्यांची पायवाट मी गड्याकडून चार हात लांब सरकवून घेतली.

साईटवर कालपासून दोन रकाने आहेत आणि वहीचा दिवस ८.३० चा आहे. जुन्या वह्या चढवायला घेतल्या आहेत. फोटो काढताना लक्षात आलं की मामंजी आजारी असताना एका ऑगस्टमध्ये अकरा दिवस कोणी मोजलंच नव्हतं. साईट रिकाम्या जागी आपोआप ० लिहीत होती, म्हणजे आश्लेषात अकरा दिवस कोरडे! ते शून्य काढले. तिथे आता "मोजले नाही" असं दिसतं.